अण्णा, नातीला डी.ओ.ची सीट मिळाली

अण्णा, आधी डिग्री विचारायची आणि मग माणसाला किती मान द्यायचा ते ठरवायचं, अशा लोकांनी तुम्हाला आयुष्यभर छळलं. आता तेच लोक नेदरलँड्समध्ये, आल्मेरेतल्या माझ्या घरी येऊन, माझी मिसळ खाऊन, माझ्या मुलीला तोच प्रश्न विचारून गेलेत. तुम्ही असतात तर हसून विषय बदलला असतात. मला हसू येत नाही. संताप आवरत नाही म्हणून लिहितोय.

झालं असं. तुमची नात वाढली इथे, पण जन्म अमेरिकेतला, म्हणून कॉलेजला तिकडे गेली; सध्या सुट्टीला घरी आलीय. तिला हाडांची सर्जन व्हायचंय. मेडिकलला प्रवेश मिळालाय तो ऑस्टिओपॅथिक कॉलेजात, पदवी डी.ओ.; एम.डी., म्हणजे तिकडची एमबीबीएसच, देणाऱ्या ॲलोपॅथिक कॉलेजांनी यंदा नकार दिला. अमेरिकेत दोघेही पुरते डॉक्टर. तीच औषधं लिहितात, तीच ऑपरेशनं करतात. डी.ओ.वाले हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करायला जास्तीचं शिकतात, इतकंच. पण ऑर्थोपेडिक्ससारख्या शाखेत जागा थोड्या आणि रांग मोठी, आणि तिथे काही विभागप्रमुख डी.ओ.चा अर्ज नीट वाचतही नाहीत, असं ती सांगते. तेव्हा ही सीट घ्यायची, की वर्षभर थांबून एम.डी.साठी पुन्हा अर्ज करायचा? शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

रविवारी जेवायला आलेली मंडळी सगळी पुण्या-मुंबईची, आयटीतली. बातमी ऐकल्याबरोबर एकजण म्हणाला, "डी.ओ. म्हणजे आपल्याकडच्या बीएएमएससारखं ना?" त्याची बायको लगेच, "मग ड्रॉप घेऊ दे की एक वर्ष. आपल्याकडे सगळेच रिपीट करतात." शेजारच्या डच बाई तर आदल्या दिवशीच खूश होऊन तिला म्हणाल्या होत्या की आता माझी पाठ तूच मोकळी कर, कारण इथे ऑस्टिओपॅथ म्हणजे पाठ-मान दुखली की ज्याच्याकडे जायचं तो. त्यांना माफ आहे, त्यांना ठाऊक नाही. पण आपली माणसं? शिकलेली, जग फिरलेली माणसं सामानात मसाल्यांबरोबर ती उतरंडही भरून आणतात, एमबीबीएस सगळ्यात वर, बीएएमएस पार खाली, आणि अमेरिकेतली पदवी दिसली की तिलाही त्याच उतरंडीत बसवून मोकळी होतात.

बीएएमएस हा शब्द कानावर पडला आणि मी आपल्या स्वयंपाकघरात. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय, त्या सर्जनच्या हॉस्पिटलात दिवसभर राबून आलेले. तो चारचौघांत तुम्हाला "ए वैद्य" म्हणून हाक मारायचा. टाके तुम्ही घालायचे, रात्रपाळ्या तुम्ही करायच्या, पण पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायला मात्र तुम्ही बाहेर यायचं नाही. मी विचारतो, "अण्णा, तुम्ही त्याला काही बोलत का नाही?" तुम्ही म्हणता, "बोलून डिग्री बदलते का? जेव." त्या 'जेव'चा मला आजही राग येतो. आणि बारावीनंतर बीएएमएसला माझं नाव लागलं, तेव्हा कधी आवाज न चढवणारे तुम्ही केवढ्यानं ओरडलात! "खबरदार! माझे भोग माझ्याबरोबर संपू देत." सर्जनसमोर न फुटलेला आवाज माझ्यावर फुटला. मला डॉक्टर व्हायचं होतं, अण्णा. मला एकदा तरी विचारलंत?

तर रविवारी मी उभा राहिलो आणि पाहुण्यांना झोडपून काढलं. मंडळात भाषणं करायची सवय, थांबतोय कशाला! ज्ञानाला जात चिकटवणारे तुम्ही, उद्या ऑपरेशन टेबलावर पडाल तेव्हा सर्जनला आधी मार्कशीट मागा, असं बरंच काही म्हणालो. रस्सा गार झाला. मंडळी लवकर उठली. पोरगी भांडी मशीनमध्ये लावता लावता म्हणाली, "बाबा, भाषण मस्त होतं. पण तू आजोबांसाठी भांडलास. माझ्या सीटचं काय?"

"त्यासाठीच तर..."

"नाही रे. मला सरळ सांग, डी.ओ. घेतलं तर ऑर्थो कठीण जाईल?"

"जाईल."

"आणि वर्ष थांबले तर एम.डी. नक्की?"

"ते कोण सांगणार?"

"मग झालं तर. मी परीक्षा दोन्ही देईन, डी.ओ.ची पण आणि एम.डी.वाल्यांची पण. तरी ऑर्थो नाही मिळालं, तर दुसऱ्या कशात तरी डॉक्टर असेन. मला चालेल. तुला चालेल?"

मी ओटा पुसत राहिलो. तिला न दिलेलं उत्तर तुम्हाला देतो, कारण हे पत्र तिला दाखवणार नाही आणि तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही. नाही, अण्णा, मला चालत नाहीये. एवढं वाचून, एवढं बोलून, अजूनही मला तिच्या नावापुढे एम.डी.च हवंय. "एक वर्ष थांब" हे शब्द ओठांवर येऊन बसलेत, आणि मला भीती वाटते की ते तुमच्या त्या ओरडण्यासारखेच बाहेर पडतील. उद्या सकाळी ती होकार कळवणार आहे. कुठे असाल तिथून एवढं एकच करा, त्या वेळी मला तोंड उघडू देऊ नका.