बराबर सांभळे छे?

११ फेब्रुवारी १९९३
गायत्री घरी आली! अठरा दिवस दवाखाना. न्युमोनियाचे जंतू छातीतून मेंदूत गेले होते म्हणे. पाच वर्षांच्या पोरीला एवढं! डॉक्टर ह्यांना गुजरातीत म्हणाले, जीव वाचला, पण आजार मागे काही ठेवून गेला का ते महिन्याने बघू. मला गुजराती येत नाही. दिवाळीनंतर तर पारोळ्याहून इथे लिंबायतला आले.

१२ फेब्रुवारी
महिना कोण थांबणार? मीच तपासलं. चालते – जरा झोकांड्या खात. मला ओळखते, पप्पांना ओळखते. आपणहून वीसपर्यंत आकडे म्हणाली. मुरमुरे मागितले, ओरडून. सगळं जागेवर आहे.

१९ फेब्रुवारी
ऐकत नाही. दहा हाका मारल्या तरी ढिम्म. शेजारच्या उषाबाई म्हणाल्या, दवाखान्यात लाडावली.

२ मार्च
आज धपाटा घातला. स्टोव्हजवळ जाऊ नको म्हणून घसा फोडला, तरी गेलीच. पाठीत बसल्यावर मात्र लगेच वळली! रडली, तेही केवढ्याने. मग मीही रडले. मरता मरता वाचलेल्या पोरीवर हात उचलला मी.

१३ मार्च
तपासणी. ह्यांची लूमवर दिवसपाळी, म्हणून मी एकटीच घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला चालवलं, डोळ्यांत बॅटरी मारली. मग मला विचारलं, "बराबर सांभळे छे ने?"
एवढं तर मलाही कळतं! रागच आला. अठरा दिवस तिच्या उशाशी कोण बसलं होतं? म्हटलं, हो, चांगलं सांभाळते. त्यांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि आता यायची गरज नाही असं हातानेच सांगितलं. सुटलो! येताना अर्धा डझन केळी घेतली.
हे दमून आले आणि न जेवताच झोपले. सांगायचं राहिलं.

१४ मार्च
जेवताना ह्यांना तोऱ्यात सांगितलं, डॉक्टरला कसं उत्तर दिलं ते. ह्यांचा घास हातातच राहिला.
"तो तुले इचारी ऱ्हायंता, पोरले आयकू येस का. गुजरातीमा सांभळे म्हंजे ते."
मी उठले. गायत्रीच्या मागे उभी राहून लाटण्याने परात बडवली. उषाबाई काय झालं म्हणून धावत आल्या. गायत्री भात खात राहिली.