जावक क्रमांक नसलेलं पत्र

आई, तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली आणि यंदा तुझ्यावर स्मरणिका निघते आहे. जुने कार्यकर्ते मुलुंडच्या घरी आले होते. "ताईंनी बाहेरून आलेल्या माणसांसाठी काय केलं, ते तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही, दोन पानं लिहून द्या," म्हणाले. मी चहा केला, हो म्हटलं, आणि तेव्हापासून रोज कागद घेऊन बसते. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. घाटकोपरच्या डोंगरावर तू नळ नेलास. विधानसभेत सगळे ओरडत असताना उभी राहून म्हणालीस, "माझा बाप बोटीने कोकणातून गिरणीत आला, तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही की तू इथला कसा." दुसऱ्या दिवशी आपल्याच लोकांनी कचेरीच्या दारावर काळं फासलं आणि तू पदर खोचून ते स्वतः पुसलंस. हे सगळं लिहिता येईल. पण लिहायला बसलं की मला एकच कागद दिसतो, आणि तो स्मरणिकेत घालता येत नाही. म्हणून आधी तुला लिहिते.

तुझी कामाची पद्धत म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता. दुसरे आमदार रहिवासाची पत्रं गठ्ठ्याने सह्या करून ठेवतात. तुझं तसं नाही. मी टाइप केलेलं पत्र घेऊन तू डोंगर चढणार, त्या माणसाच्या घरात बसणार, पाणी पिणार, शेजारी कोण राहतं ते विचारणार, आणि पटलं की गुडघ्यावर पॅड ठेवून तिथेच तारीख घालून सही करणार. मग पत्र माझ्याकडे. मी शिक्का मारायचा, जावक क्रमांक टाकायचा, आणि शनिवारी वाटप. त्यातही तुझी अट होती की पत्र हातात पडण्याआधी ज्याचं त्याने ते मोठ्याने वाचून दाखवायचं. "मराठीत आहे ना? वाच. येत नाही? मग शीक, मी कुठे पळून चाललेय?" रांग पार जिन्यापर्यंत जायची, आणि एखादा टॅक्सीवाला 'प्रमाणित करण्यात येते' या शब्दांशी घाम गाळत झटत असायचा. मी हसायची. तू डोळे वटारायचीस.

आणि ऑफिसात तू मला 'आई' म्हणू द्यायची नाहीस. पहिल्याच दिवशी सांगितलंस, "इथे मी सगळ्यांची ताई. तुझीसुद्धा." मी तीस वर्षांची घोडी, पण ते मला लागलं. दिवसभर 'ताई, तुम्ही' करायचं, आणि घरी येईपर्यंत तू इतकी दमलेली असायचीस की तुला आई म्हणायला सवडच मिळायची नाही. मग एके दिवशी डोंगरावरची ती बाई आली. दरभंग्याकडची, नवरा बांधकामावरून पडून गेलेला, घरी बसून नकली दागिन्यांना मणी चिकटवायची. ती सरळ "अम्मा" म्हणत आत आली. मला वाटलं, आता हिला ताई म्हणायला सांगशील. तू म्हणालीस, "बोल गं."

त्यानंतर माझा डबा परत येऊ लागला. मी पहाटे उठून तुझ्यासाठी कुळथाची पिठी आणि भात करायची, कारण साखर वाढल्यापासून तुझ्या पथ्याचं मीच बघत होते. तू डोंगरावरून खाली येऊन म्हणायचीस, "पोट भरलंय. तिने भात आणि बटाट्याचा चोखा वाढला, नाही म्हणवेना." एकदा नाही, चारदा. शिवाय ती तुझ्या अटीसाठी बाराखडी गिरवत होती, आणि तू तिची पाटी मला कौतुकाने दाखवलीस. माझ्या कुठल्या पाटीचं तू कौतुक केलं होतंस ते आठवायचा मी तेव्हा प्रयत्न केला. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा नुसता संताप होता.

तिचं पत्र तू सही करून आणलंस तो मंगळवार होता. मी इतर सगळ्यांवर शिक्के मारले आणि तिचं खणात ठेवलं. फाडायचं वगैरे माझ्या मनात नव्हतं. तिने एक हेलपाटा घालावा, माझ्यासमोर उभं राहून विनवावं, एवढीच हौस होती. शनिवारी ती रांगेत आली, इस्त्रीची साडी नेसून, ओठांतल्या ओठांत शब्द घोकत. मी मान वर न करता म्हटलं, "अजून सही झाली नाही. पुढच्या शनिवारी ये." ती म्हणाली, "कोई बात नहीं दीदी, और अच्छा पढ़ के आऊँगी."

पुढचा शनिवार यायच्या आत बुधवारी झोपड्यांची पात्रता ठरवणारी सर्वेक्षणाची माणसं गल्लीत शिरली. ते येणार हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, पण म्हणून काय झालं? नवऱ्याच्या नावाचे कागद त्याच्या प्रेताबरोबरच गावी गेले होते. तुझं पत्र असतं तर निदान ऐकून घेतलं असतं. तिच्या दारावर 'अपात्र' लिहिलं आणि मे महिन्यात तिची खोली पाडली. तू कचेरीत येऊन फायली उलथ्यापालथ्या केल्यास. मला विचारलंस, "मी सही केली होती ना गं?" आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही ताई, राहिलीच. हल्ली तुम्ही विसरता." तू खुर्चीत बसलीस. किती तरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिलीस.

पुढच्या निवडणुकीला तू उभी राहिली नाहीस. लोक पाया पडले, वस्तीतल्या बायका दारात बसून राहिल्या, पण तू एकच सांगत होतीस, "सहीचा भरवसा राहिला नाही, आता बस झालं." कचेरी बंद केलीस. मला वाटलं, तुला आपल्या आठवणीचा धसका बसलाय, आणि तो धसका मी दिलाय. शेवटी आजारपणात तुला औषधांच्या वेळा माझ्याहून पक्क्या ठाऊक असायच्या, तरी सहीचं खरं मी तुला सांगितलं नाही.

स्मरणिकेसाठी जुन्या लोकांना भेटायचं निमित्त झालं आणि तिचा पत्ता मिळाला. गोवंडीत राहते आता, अजून मणीच चिकटवते. कचेरी बंद झाली तेव्हा तिचं पत्र मी घरच्या खणात आणून ठेवलं होतं, ते पर्समध्ये घेऊन गेले. तिने मला ओळखलं नाही, केस पांढरे झाले ना. मी म्हटलं, "ताईंच्या ऑफिसात होते." ती एकदम हसली. "अम्मा यहाँ आई थी, मालूम? इतना घुटना दुखता था, फिर भी आई. मेरे सामने हाथ जोड़ी. बोली, साइन मैंने किया था, मुझे अच्छे से याद है. कागज मेरे ही घर में अटक गया, मेरी गलती है."

आई, म्हणजे तुला माहीत होतं. विसरली नव्हतीस तू. भरवसा नव्हता तो सहीनंतर कागद ज्या हातात जायचा त्या हाताचा. मला काढून टाकता आलं असतं, पण लोकांनी कारण विचारलं असतं, म्हणून तू अख्खी कचेरीच बंद केलीस. आणि मला घरी एका शब्दानेही टोचलं नाहीस. एकदा थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं.

मी पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली. तुझ्यासमोर वाचणार होती तसं, ताठ बसून, 'प्रमाणित करण्यात येते'सकट, कुठेही न अडखळता. शेवटी सही वाचली आणि सहीखालची तारीख वाचली. त्या शनिवारच्या आधीची ती तारीख तिने पुन्हा एकदा वाचली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आप बेटी हो ना?"

"हो," मी म्हटलं.

तिने पत्राची घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवली. मला वाटलं, आता जा म्हणेल. ती उठली, ताट घेतलं, भात वाढला, चोखा वाढला आणि माझ्यासमोर बसून राहिली. मी बोलेन म्हणून थांबली होती, हे मला कळत होतं. मी खाली बघून जेवत राहिले.

स्मरणिकेची दोन पानं मी आता लिहीन, त्यात नळ येईल, काळं फासलेलं दार येईल. तुला लिहिलेलं हे पत्र घरच्या त्याच खणात जाईल. फक्त एवढं तुला सांगायचं होतं, तिचा चोखा खरंच चांगला असतो. मी दुसऱ्यांदा मागून घेतला. माफी तेवढी मागितली नाही.