जिन्यामागचा गाळा

प्रिय धाकट्या,

फोनवर हे बोलता आलं नसतं. घरात बाबा असतात आणि दुकानातही बाबाच असतात. तू कशी आहेस विचारतोस, मी बरी आहे म्हणते, की झालं. आज ते दाढदुखीने घरी आहेत आणि गिऱ्हाईक नाही, म्हणून लिहायला बसले. गिऱ्हाईक तसं रोजच नसतं म्हणा.

आधी बातमी. आपला मॉल पाडणार आहेत. वीटभट्टी जाऊन मॉल आला, आता मॉल जाऊन आणखी मोठा मॉल येणार.

तुला उद्घाटनाचा दिवस आठवतो का रे? आत्या सरकत्या जिन्यापाशी जी थांबली ती थांबलीच. मागे अख्खी रांग खोळंबली, शेवटी आईने तिला दंड धरून वर ओढलं. बाबा छाती फुगवून फिरत होते. रस्त्यावरचं चालतं दुकान विकून त्यांनी जिन्यालगतचा गाळा घेतला होता. जो वर जाईल त्याला आपले चपला-बूट दिसतील, हा हिशोब. जाणाऱ्याची पाठ आपल्याकडे असणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं मी माणसांच्या टाचा बघतेय. कुणाचा बूट कुठे झिजलाय ते बसल्या जागी सांगेन, पण हाक मारेपर्यंत माणूस वर पोचलेला असतो.

तरी सुरुवातीला बरं चाललं. वर सिनेमा होता, कपड्यांचं मोठं दुकान होतं. मग महामार्गापलीकडे दुसरा मॉल झाला. आधी कपडेवाले गेले, मग सिनेमा, मग खाण्याच्या जागेतल्या खुर्च्या उलट्या होऊन टेबलांवर गेल्या त्या तशाच राहिल्या. आपल्याला मात्र हलता येईना. करारातली ती अट तुलाही पाठ असेल: मॉल उघडा तोवर गाळा उघडा, दिवे लावलेले, माणूस बसलेला, नाहीतर दंड. आई दवाखान्यात होती तेव्हाही मी इथेच होते. ती गेल्याचं कळलं ते याच स्टुलावर. तू भांडून निघून गेलास म्हणून सगळे तुला नावं ठेवतात. मी कधी ठेवली नाहीत. मला तुझा हेवा वाटायचा.

आता इथे डॉक्टरांनी चालायला सांगितलेले म्हातारे तेवढे सकाळी फेऱ्या मारतात. घड्याळाचे सेल बदलणारे काका आणि मी एकमेकांचे गिऱ्हाईक. त्यांनी यंदा दोनदा बूट घेतले, बिचाऱ्यांनी.

पाडायची नोटीस आली तेव्हा मी मागे खोक्यांच्या आड जाऊन रडले. आनंदाने रे. माझी शाळेतली मैत्रीण रोपवाटिका चालवते, तिने कधीचं ये म्हणून ठेवलंय. उघड्यावरचं काम, डोक्यावर ट्यूबलाइट नाही. मी मनात बॅगसुद्धा भरली. आणि बाबांनी काय केलं? मोबदला न घेता नव्या मॉलमध्ये गाळा मागून घेतला. जित्याची खोड. तोही जिन्यालगत, पण यावेळी पुढच्या बाजूला, म्हणून स्वारी खूश. अटी त्याच. करारावर त्यांची सही झालीय, बसणाऱ्याची बाकी आहे.

परवा जेवताना ते म्हणाले, धाकट्याला लिही, मी थकले म्हणून लिही, तुझा शब्द तो खाली पडू देणार नाही; तो आला की तू मोकळी. खरं तेच बोलले. तू येशील, हातातलं टाकून येशील. आज कागद घेतला तो त्याचसाठी. लिहिलंही तसं. मग वाचताना तू या स्टुलावर बसलेला दिसलास आणि मी तो फाडला. तू येऊ नकोस. बाबा फोन करतील, रडतील, माझं नाव पुढे करतील, तरी येऊ नकोस. सही मीही करणार नाही. तसं त्यांना आज घरी गेल्यावर सांगणार आहे, आणि खूप भीती वाटतेय रे. म्हणून हे वाटेतच पेटीत टाकून पुढे जाते, म्हणजे दारातून मागे फिरायला जागा राहणार नाही.

तुझीच, तोंडाळ म्हणून बदनाम असलेली,
ताई