लाल रुमाल नको

मसाका, १२ जुलै

लाडके नाबोसा,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. केळींना घड छान धरलेत. शेजारीण अजून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे निवांत आहे. तू रुमालाचं विचारलंस, ते मागाहून सांगते. आधी कंपालाच्या डोळ्यांच्या दवाखान्यातली गंमत ऐक.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुबुळ पातळ होऊन पुढे निमुळतं आलंय. केरॅटोकोनस म्हणतात. चष्म्याने भागणार नाही." मी म्हटलं, "मग कशाने भागेल ते बोला की!" तर त्यांनी लेन्सचा डबाच उघडला. पहिली मऊ. घातलीय हेसुद्धा कळेना, पण अक्षरांना फुटलेल्या शेपट्या तशाच. दुसरी छोटी नि कडक. अक्षरं सुधारली, पण डोळ्यात खडा गेल्यासारखं झालं. त्यात आपल्याकडची धूळ! बाकावरची एक बाई म्हणाली, तिची मटोक्याची केळी शिजत होती त्या पातेल्यात पडली होती. "सापडली?" "हो, नवऱ्याच्या ताटात!" कुणाकुणाला मऊच्या वर कडक, अशा दोन घालतात म्हणे. मी विचारून विचारून डॉक्टरीणबाईंना भंडावून सोडलं.

तिसरी चांगली मोठी. बुबुळाला शिवतच नाही, डोळ्याच्या पांढऱ्यावर टेकते. तिच्यात सलाईन भरायचं, मान खाली घालायची नि डोळाच तिच्यावर टेकवायचा. दोनदा आत बुडबुडा राहिला, तिसऱ्यांदा माझ्या अंगावरची गोमेसी चिंब भिजली. चौथ्यांदा बसली एकदाची.

मला तिथे नेलं होतं तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने, किगोंगोने. ती लेन्स घालूनच बाहेर आले तर "झालं का, आत्या?" असा त्याचा आवाज आला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. पोरगा लाजला. "काय बघताय?" म्हणाला. मी म्हटलं, "गप बस. तुला पाठ करतेय."

आता खरं सांगते. तो दोनदा घरी आला, मी तुझ्या बाबांपाशी त्याच्या रूपाचं तोंड भरून कौतुक केलं, पण तोवर मला त्याला तीन नाकं दिसत होती गं. ओळखायची ती हसण्यावरून. आणि साखरपुड्याच्या दिवशी नवरदेव कंझूच्या पांढऱ्या झग्यांतल्या वीस बाप्यांत मुका बसणार, नि आत्याने त्याला ओळखून छातीला फूल टोचायचं! फूल टोचायचं काम धाकट्या आत्याला द्यायचं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. तुला सांगायची छाती होत नव्हती. तुझ्या जन्मापासून मी त्या दिवसाची वाट बघतेय.

माझ्या मापाची लेन्स काल आली. हे पत्र ती घालूनच लिहितेय. बघ, ओळी कशा सरळ आहेत. तूही डोळे चोळायची खोड सोड आणि एकदा तपासून घे.

तर, त्याच्या खिशाला खुणेचा लाल रुमाल नको. खोकायलाही सांगू नकोस. उजव्या भुवईत त्याच्या एक छोटी खाच आहे. तुला तरी ठाऊक होती का?

तुझं फूल स्वतःच्या हाताने टोचणारी,
तुझी थोरली आत्या