मौनाचा प्रयोग, पॅव्हिलियनच्या दारात

शुक्रवार, १ ऑगस्ट
निश्चय झाला. सोमवार ते शुक्रवार, रोज सात तास, आयस्टेदवॉदच्या, म्हणजे आमच्या वेल्श साहित्य-कला महोत्सवाच्या, मैदानावर मोठ्या पॅव्हिलियनच्या दारात काळा कोट घालून, तोंडाला पट्टी लावून उभा राहणार. प्रयोगाचं नाव 'मौन'. आपल्या वेल्श भाषेचं मौन. परफॉर्मन्स आर्ट म्हणतात याला. भूगोल शिकवण्यात तेहतीस वर्षं गेली, पण आतला कलावंत शाबूत आहे.
लुनेदला सांगितलं. भांडी पुसता पुसता म्हणाली, पाच दिवस गप्प? त्यात नवीन काय? बायकोला कला कळायला जरा वेळ लागतो.

शनिवार, २ ऑगस्ट
कलामंडपाची प्रमुख मेरेरिद माझी जुनी विद्यार्थिनी. म्हणाली, सर, दारात नको हो, लोकांना आत-बाहेर करायचं असतं. मंडपाच्या मागे उभे राहा ना. म्हणजे परवानगी मिळाली. जागेचं नंतर बघू.
लुनेदचं काहीतरी चाललंय. जूनपासून फोन आला की शेडमध्ये जाऊन बोलते. हिरवा ड्रेस घेतलाय. सप्टेंबरात माझी साठी आहे. मला काही कळलंय असं अजिबात दाखवत नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट
दहाला उभा राहिलो. दहा वीसला शेजारच्या टेकविनने टॉयलेट कुठे म्हणून विचारलं. सांगितलं. रस्ता दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे. पाऊस, घोट्यापर्यंत चिखल. दुपारी पट्टी काढून चिप्स खाल्ल्या. व्हिनेगर नव्हतं, तेही सांगावं लागलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट
मोठं यश! साडेअकराला माझ्यामागे रांग लागली. चाळीस माणसं, भिजत, गुपचूप. भाषेसाठी उभी! डोळे भरून आले. बाराला एका बाईने विचारलं, कॉफी इथेच मिळते ना? मी कलेशी प्रामाणिक राहिलो, मान हलवली नाही. मग रांग मोडली. एका म्हाताऱ्याने जाता जाता मला गाढव म्हटलं, अगदी अस्सल वेल्शमध्ये. भाषा जिवंत आहे.

बुधवार, ६ ऑगस्ट
लुनेद सकाळी चॅपलमागच्या दफनभूमीत जाऊन आली. गुटो गेला ती तारीख. आमचा मुलगा. अकरा दिवस जगला. एकतीस वर्षं झाली. ती दरवर्षी जाते, मी जात नाही. घरात एकाने तरी खंबीर राहावं लागतं. या विषयावर आम्ही बोलत नाही. म्हणजे मी बोलत नाही.
आज प्रयोगाला सुट्टी. गुडघा.

गुरुवार, ७ ऑगस्ट
लुनेदने उद्याच्या सोहळ्याची दोन तिकिटं आणली, अगदी रांगेच्या टोकाची. कुठून मिळाली ते सांगेना. म्हणाली, उद्या माझ्याशेजारी नुसता बस. काही करू नकोस, इदवाल. एवढं एकच मागते. वचन दिलं.
चहा घेताना सुचलं. उद्या सर्वोत्तम वृत्तबद्ध कवितेला मानाची खुर्ची मिळणार. विजेत्याला आधी कळवतात, पण त्याने घरातही अवाक्षर काढायचं नसतं. व्यासपीठावरून कवितेखालचं टोपणनाव पुकारलं की तो गर्दीतून उभा राहतो आणि दिव्याचा झोत त्याच्यावर येतो. नेमका त्याच क्षणी मीही उभा राहणार, पट्टी लावून. हरलेल्या सगळ्या कवींच्या वतीने! मी स्वतः एकोणीस वेळा हरलोय. वचन शेजारी बसायचं आहे, ते तर मी आधी बसणारच. लुनेदला अभिमान वाटेल.

शुक्रवार, ८ ऑगस्ट, संध्याकाळी सहा
सोहळ्याचे पुरोहित, पांढऱ्या झग्यातले मुख्य ड्रुइड, म्हणाले, तुतारी वाजली की 'अकरावा दिवस', आणि फक्त 'अकरावा दिवस'च, उभा राहू दे. टोपणनाव विचित्र वाटलं. मी पट्टी नीट दाबत होतो.
तुतारी वाजली. उभा राहिलो. झोत थेट माझ्यावर आला. हजारो माणसांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. हात हलवला.
मग शेजारून हिरवा ड्रेस उठला. इदवाल, खाली बस, एवढंच ती म्हणाली. हळू म्हणाली. टाळ्या थांबल्या. कुणीतरी हसलं. दिवेवाल्याला काय करावं कळेना, झोत आमच्या दोघांत हेलकावत राहिला. मग झगेवाले आले आणि तिला व्यासपीठावर घेऊन गेले. जाताना तिने मागे पाहिलं नाही.
खुर्ची देण्याआधी रिवाजाप्रमाणे तलवार म्यानातून अर्धी काढून तीनदा विचारतात, शांतता आहे का? सगळं पॅव्हिलियन तीनदा ओरडलं, शांतता! ती खुर्चीत बसली. मी पट्टी सोलत होतो, मिशीला चिकटली होती.
चूक आयोजकांची आहे. घरच्या माणसाला तरी सांगायला हवं.

शनिवार, ९ ऑगस्ट
विजेत्या कवितांचं पुस्तक टेकविनने आणून दिलं. तिची कविता वाचली. दोनदा. काचेची पेटी आहे, थंड हातांची नर्स आहे, लुनेद आहे, गुटोची नखं आहेत. मी कुठे आहे ते शोधत होतो.
नाही.
त्या आठवड्यात मी आयस्टेदवॉदच्या मैदानावर खुर्च्या मांडत होतो. कुणीतरी मांडायलाच हव्या होत्या. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा म्हटलं होतं, कार्यक्रम आटोपला की निघतो.
लुनेद स्वयंपाकघरात होती. वाचलीस का, म्हणून विचारलं तिने. मी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. मग म्हणालो, वृत्तात कुठेही चूक नाही.
बरं, म्हणाली. आणि एकटीपुरता चहा ओतून शेडमध्ये गेली.