कडेकडेनं

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सर्जेराव सरांचा पाय मोडला. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या पोरींचा फुटबॉल संघ आता माझ्याकडे. जर्सी मीच धुते, मग दुसरं कोण? ७ तारखेला शिरूरशी मॅच, जिल्हा संघाचे निवडकर्ते येणार. आमच्या प्रांजलची निवड झालीच पाहिजे. गणपतीला साकडं घातलं.

२३ नोव्हेंबर
मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले. फुटबॉल समजला. मधे गर्दी, कडेला मोकळं. बाजारात मी कडेकडेनंच जाते, पिशवी आधी माझीच भरते. तर दोन्ही विंगर पुढं, मागच्या दोघीही कडेनं त्यांच्यापाठोपाठ. तिथून बॉल उडवायचा गोलासमोर, त्याला क्रॉस म्हणतात. प्रांजल उजव्या कडेला. आई, मी मधे खेळते, म्हणाली. आता हिच्याकडून शिकायचं! मागं एकटी शितल ठेवली. दिसायला बेताची, तिथं कुणाची नजर जात नाही.

३० नोव्हेंबर
कारेगावशी सराव. क्रॉस सव्वीस, गोल शून्य, खाल्ले पाच. क्रॉस आपल्या हातात, गोल देवाच्या. सरांचा फोन: वहिनी, पोरी पुढं गेल्या की मागं सगळं रान मोकळं. आन् क्रॉस टाकता, पण मधे घ्यायला कोण हाय? पाय दुखला की माणूस चिडका होतो.

७ डिसेंबर, रविवार. संकष्टी. दुपार
सगळ्या संघाला उपास धरायला लावला. फक्त पाणी. मध्यंतराची संत्रीही वाचली. शितल म्हणे, काकू, दिवसभर पळायचं हाय. म्हटलं, तुला पुण्य नको तर खा. तिनं खरंच डबाभर पोहे खाल्ले! अर्ध्या वेळेपर्यंत क्रॉस एकोणीस. शिरूरच्या गोलकीपरनं पाडाचे आंबे झेलावेत तसे झेलले. नंतर प्रांजल रेषेजवळ ओकली. ऊठ म्हटलं, साहेब बघतायत. उठली. परत पडली. तिच्या मोकळ्या कडेनं आमच्यावर चार गोल झाले. शितल एकटीच तिन्हीकडं धावत होती. तरी चार झालेच ना?

८ डिसेंबर
यादी आली. दौंडचं एकच नाव, शितल. निवडकर्ते सरांना म्हणाले म्हणे, संघानं एवढं उघडं टाकलं, तरी एकटी लढली. म्हणजे पोरगी घडली ती माझ्याच पद्धतीनं. पेढे मात्र तिच्या आईनं वाटले.
प्रांजलनं आपले बूट शितलला देऊन टाकले. मला म्हणाली, उद्यापासून एक जर्सी कमी धू.
माझ्या कष्टांची पोरीला फार काळजी.