पाहुण्यांसमोरचं ताट

विटा, ३ जानेवारी २०२५

ती. बिरदेवदादास, मंगलचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना आप्पा कान लावून बसतात, म्हणून लिहिते. त्यांचं स्वादुपिंड काढून दोन वर्षं झाली. रोजची इन्सुलिनची सुई आणि जेवताना पचनाची गोळी जन्मभर चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आप्पा म्हणतात, टाके भरले म्हणजे दुखणं गेलं. गोळी राहिली की अन्न तेलकट होऊन तसंच बाहेर पडतं. सदरा खांद्यावरून घसरायला लागलाय.

एकोणीसला मला बघायला शिराळ्याचे पाहुणे येतायत, मुक्कामी. यजमानानं त्यांच्या पंगतीला बसायचं, ही आपली रीत. ताटावर गोळी घ्या, एवढं तू त्यांना सांग. तुझं ऐकतात.

सोनं गाळायच्या भट्टीच्या धुरात तोंडाला फडकं बांधत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मंगल

कोईमतूर, ९ जानेवारी

चि. मंगल हिस, अ. उ. आशीर्वाद.

आप्पांशी बोललो. पाहुण्यांना मी पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन सांगितलंय. सुया, डब्या दिसल्या तर घराण्यात रोग म्हणून उठून जातील. ते जाईपर्यंत सगळं माळ्यावर ठेव. दोन दिवसांनी काय होतंय? डॉक्टरीणबाई, जरा नवरीसारखं वाग. आईला नमस्कार.
बिरदेव

सांगली, २३ जानेवारी

दादास,

पाहुण्यांसाठी बकरं पडलं. आप्पांचा हात थांबला तसे पाहुणे ज्ञानूतात्या हसून म्हणाले, “आवं, यजमानच लाजला तर आमी कसं जेवायचं?” आप्पांनी परत रस्सा घेतला. मी दारात डबी धरून उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सुई घ्या म्हणून मागच्या अंगणात विनवलं, तर आईनंच मला आत ओढलं. पाहुणे खूश झाले, मुक्काम एक दिवस वाढला. होकार आलाय. तुला हवा होता तो.

तिसऱ्या सकाळी आप्पांना उलट्या, धाप लागली. रक्तातली साखर इतकी चढली की यंत्राला मोजता येईना. ज्ञानूतात्यांनीच ड्रायव्हरला गाडी काढायला लावून सांगलीला आणलं. वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं. ते आप्पांचं डोकं मांडीवर धरून बसले.

काल आप्पांनी डोळे उघडले. मला जवळ बोलावून विचारलं, “पाव्हण्यास्नी कळलं न्हाई न्हवं?”

ज्ञानूतात्या उशाशीच उभे होते.

लोभ असावा, हे या वेळी लिहवत नाही.
मंगल